शकुबाईंच्या पोलक्यावरची मेंदी

नाशिकचा गारठा कुणाला नीट समजून घ्यायचा असेल, तर त्याने डिसेंबरात दीपमालाची बोटं बघावीत. आपण काय, स्वेटर अडकवतो, चहा मारतो, ‘यंदा लयच थंडी बुवा’ म्हणतो आणि कामाला लागतो. दीपमालाच्या बोटांचं तेवढ्यावर भागत नसे. सकाळी नळाखाली मेथी धुतली, की तर्जनी आणि मधलं बोट पांढरंफटक! जणू रक्त कुणी काढूनच नेलं. थोड्या वेळाने ती बोटं निळी पडायची, मग लालभडक व्हायची आणि असा ठणका मारायची की बाईच्या डोळ्यांत पाणी. पायांच्या बोटांचीही तीच रड. आणि हिचा धंदा कोणता? मेंदीचा! इंदिरानगरात कुठल्याही सोसायटीत विचारा, नवरीची मेंदी म्हटलं की दीपमालाचंच नाव निघायचं. सगळी करामत बोटांच्या टोकांची, आणि नेमकी तीच दगाबाज.

मेंदी काढताना तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. नवरीचा तळहात मांडीवर घ्यायचा आणि म्हणायचं, “गडद रंगली ना, तर सासू मायेची निघणार बघ.” नवऱ्या लाजायच्या, मैत्रिणी खिदळायच्या. आणि शेजारी लिंबू-साखरेच्या पाण्याची वाटी घेऊन बसलेल्या शकुबाई नाक मुरडायच्या. शकुबाई म्हणजे दीपमालाची स्वतःची सासू. जन्म सिन्नरकडच्या खेड्यातला, तोंड तिखट, चाल तुरुतुरु. सुनेच्या प्रत्येक कामाला त्या जायच्याच. वाळत आलेल्या मेंदीवर कापसाने पाणी टिपायला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर शेरे मारायला. “माया काय मेंदीत कालवतात व्हय?” हा त्यांचा ठरलेला शेरा.

दोन हिवाळ्यांमागे एका घरी घोळ झाला. मेंदी रंगात आलेली, आणि दीपमालाची बोटं सगळ्यांसमोर पांढरी पडली. नवरीची आई चटकन म्हणाली, “अहो, तुम्हाला कोड तर नाही ना?” झालं! काम अर्धं राहिलं. त्या बाईने दुसरी मेंदीवाली बोलावली आणि वर आणखी चार जणींना सांगून ठेवलं. कोड असतं तरी कुणाचं काय जात होतं, ते काय कुणाला लागतं? पण लग्नघरात असलं शहाणपण कोण ऐकतंय. दीपमाला घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडली, म्हणजे बाहेर आवाज जायला नको. शकुबाईंना तो आवाज ऐकू गेलाच. त्यांनी दार वाजवलं आणि इलाज सांगितला, “रडती काय? बोटं बुडव मेंदीत. पार दुसऱ्या पेरापर्यंत. लाल दिसली म्हंजी कोण इचारतंय?”

तेव्हापासून पद्धतच पडली. दिवाळी सरली, की दर आठवड्याला दीपमाला दहाही बोटांना ओली मेंदी थापून बसायची. मेंदीवालीच्या बोटांना मेंदी, त्यात कुणाला वावगं वाटणार? उलट बायका म्हणायच्या, हौशी आहे हो. झाकलं गेलं खरं. पण दुखणं काही मेंदीला भीत नव्हतं. ते वाढतच चाललं होतं. एकदा तव्याला बोट लागलं आणि करपल्याचा वास आला तेव्हा कुठे तिला कळलं. त्या दिवशी मात्र तिने स्वतःहून दवाखान्याचं नाव काढलं.

मग दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाई शांत, चौकस. त्यांनी हात उलटसुलट करून पाहिले, नखं दाबली, पण मेंदीखाली त्यांना काय दिसणार, कपाळ? त्यांनी सरळ विचारलं, “गारठ्यात बोटांचा रंग बदलतो का? पांढरी, निळी होतात?”

दीपमालाने सासूकडे पाहिलं. सासूने छताच्या पंख्याकडे पाहिलं.

“नाही,” दीपमाला म्हणाली. “नुसत्या मुंग्या येतात.”

आता बोला! दवाखान्यात जाऊन आजार लपवायचा, याला काय म्हणावं? त्या शब्दासरशी सगळा तपास भलत्याच दिशेला गेला. शक्तीच्या गोळ्या घेऊन दोघी परत आल्या.

यंदाच्या हंगामात दीपमालाने मनाशी ठरवूनच टाकलं. विंचूरच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या मुलीची, निकिताची, मेंदी तिने घेतली होती. मोठं घर, पाहुणे रगड. इथे बोटांनी दगा दिला, तर मेंदीचे कोन कायमचे ठेवून द्यायचे. फोनवर तिने नवऱ्याला सांगितलं. वाल्मीक मनमाडला रेल्वेत, सुट्टीला तेवढा घरी यायचा. तो बिचारा म्हणाला, “तुझी मर्जी.” तिला ते इतकं लागलं! अरे, नको सोडू म्हण, सोड म्हण, काहीतरी म्हण. शाळकरी वयापासून ज्या मेंदीमुळे आपली ओळख, ती सोडायची, आणि हा म्हणतो मर्जी.

विंचूरला मेंदीची बैठक गच्चीवर मांडली होती. झेंडूच्या माळा, लोड, गाद्या, फोटोवाला. दुपारी ऊन होतं तोवर सगळं छान होतं. निकिताही गोड मुलगी, बडबडी. दोन्ही पाय झाले, डावा हात कोपरापर्यंत झाला. पण ऊन भिंतीवरून उतरलं आणि मोकळ्या शेतांवरून जो वारा सुटला, तो गच्चीवर कुणाला न विचारता शिरला. पाहुण्या बायकांनी शाली ओढल्या. दीपमालाच्या पायाखाली मात्र उघडी फरशी, आणि शाल घेऊन कोन धरता येत नाही.

त्यात तिची एक कामाची रीत. ती कोन घरीच भरायची, बिनरसायनी मेंदीचे. असली मेंदी बाहेर टिकत नाही, म्हणून कोन फ्रीझरमध्ये. कामाला जाताना थर्मासच्या डब्यातून न्यायचे, आणि एकेक दगडासारखा घट्ट कोन हाताच्या मुठीत दाबून मऊ करायचा. वर्षानुवर्षं तेच. बर्फ मुठीत धरून बसायची बाई, आणि बोटं का गारठतात म्हणून देवाला विचारायची!

उजव्या हातासाठी तिने शेवटचा कोन मुठीत धरला. तो मऊ झाला की नाही, तिला कळेचना. बोटं बधिर झाली होती. तिने निकिताच्या तळहातावर पहिली वेल सुरू केली, रेघ उमटेना म्हणून जरा जोर लावला. जोर किती लागला ते बोटांनी सांगितलंच नाही. कोन मागून फुटला. गार मेंदी तिच्या दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला फसकन पसरली आणि एक गोळा नवरीच्या कोऱ्या तळहातावर पडला.

निकिताने “अगं बाई!” म्हणत तो झटकून टाकला आणि मग तिचं लक्ष वर गेलं. मेंदीने रंगवलेल्या पेरांच्या वर, पार मुळापर्यंत, दीपमालाची बोटं पांढरी झाली होती. खडूसारखी. इतकं वर यापूर्वी कधीच गेलं नव्हतं. लाल टोकं आणि वर पांढरं, ते दिसायलाही भयंकर दिसत होतं. फोटोवाल्याने सवयीने फोटो काढला.

“हे काय झालंय हाताला?” निकिताची मोठी काकू पुढे आली. “काही लागायचं बिगायचं तर नाही ना? नवरीचा हात आहे तो.”

  संपलं, दीपमालाला वाटलं. तिने हात मागे घेतले आणि पदराखाली लपवायला लागली. कुणीतरी म्हणालं, खालून शेगडी आणा, निखाऱ्यावर शेकू द्या. एक बाई उठलीसुद्धा.

आणि तेव्हा शकुबाईंनी हातातली लिंबू-साखरेची वाटी खाली आपटली.

“निखारा नको!” त्या ओरडल्या. “तिला भाजलेलं कळत नाय. तव्यावर बोट करपलं तरी कळलं नव्हतं.” मग त्या काकूंकडे वळल्या. “कोड नाय, लागायचं बी काय नाय. थंडीनं रक्त बोटापर्यंत पोचत नाय तिचं. दोन वर्सं झाली. मीच सांगितलं व्हतं तिला, झाक म्हणून. माझंच डोकं फिरलं व्हतं.”

असं म्हणून त्या सुनेसमोर बसकण मारून बसल्या. अंगावर मोतिया रंगाचं नवंकोरं पोलकं, खास या लग्नाला शिवलेलं. येताना गाडीतही दहादा निरखलेलं. त्यांनी शाल बाजूला केली, दीपमालाचे मेंदीने बरबटलेले दोन्ही हात धरले आणि सरळ आपल्या काखांत दाबून घेतले. वरून शाल ओढली.

“आई, पोलकं!” दीपमाला कशीबशी म्हणाली.

“गप बस. हालू नको.”

दीपमाला हलली नाही. लग्न झाल्यापासून सासूच्या इतक्या जवळ ती कधी बसली नव्हती. शकुबाईंच्या अंगाला नीलगिरीचा आणि तपकिरीचा वास येत होता. आधी काहीच कळत नव्हतं, मग बोटांत मुंग्या आल्या, मग तो मेला ठणका. तिने ओठ दाबले. शकुबाई तिच्या कानाशी पुटपुटत राहिल्या, “आलं बघ, आलं, आता येतंय.” आणि दीपमाला रडली. या वेळी नळ सोडायची गरज तिला वाटली नाही.

काकू तशा वाईट नव्हत्या. घाबरल्या होत्या, एवढंच. पण निर्णय निकितानेच दिला. “काकू, मी काय एका हाताने लग्न करू? चला खाली, स्वयंपाकघरात बसू. तिथे ऊब आहे.” वरात निघावी तशी सगळी बैठक खाली आली. आता हे कांद्याच्या व्यापाऱ्याचं घर. बारदानाला काय तोटा? कोरी गोणपाटं घडी करकरून दीपमालाच्या पायाखाली पसरली. निकिताच्या भावाचे लोकरीचे मोजे आले. रबरी पिशवीत कोमट पाणी भरून मांडीवर आलं, तेही शकुबाईंनी आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिलं. फुटलेल्या कोनात उरलेली मेंदी नव्या कोनात भरली आणि तो कोन शकुबाईंनी आपल्याच मुठीत धरून उबवला.

उजवा हात डाव्यापेक्षा सुरेख झाला. हे मी म्हणत नाही, काकूच म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात दोघी पुन्हा डॉक्टरीणबाईंसमोर. दीपमालाने निकिताकडून मागवलेला तो फोटो मोबाइलवर पुढे धरला. बाईंनी फोटो मोठा करून पाहिला, मग दीपमालाकडे पाहिलं. “मागच्या वेळी नाही म्हणाला होतात.”

“खोटं बोलले,” दीपमाला म्हणाली.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, रेनॉड. थंडी लागली की बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आवळून घेतात. काही तपासण्या करून घेऊ, मागे दुसरं काही दुखणं नाही ना ते बघू, लागलंच तर गोळीही आहे. पण मुख्य काम तुमच्या हातात, त्या म्हणाल्या. नुसते हात नाही, सगळं अंग उबेत ठेवायचं. गारठ्यात निघण्याआधीच हातमोजे, मोजे, गारठल्यावर नव्हे. भाजी कोमट पाण्यात धुवायची. फ्रीझरला हात नाही. विस्तवावर शेकणं नाही. “आणि ही मेंदी काढा आधी बोटांवरची. रंग दिसला पाहिजे मला. शिवाय ओली मेंदी थंडच की.”

शकुबाईंचा हात तोंडावर गेला. “अगं आई गं,” त्या म्हणाल्या. “उन्हाळ्यात तळपायाला मेंदी लावतो आम्ही, गारवा यावा म्हणून. हे मला ठावं हाय. लहानपणापासून ठावं हाय. आणि हिवाळ्यात हिच्या बोटाला मीच...”  दीपमालाने त्यांच्या मांडीवर हात ठेवला. तो गारच होता, पण शकुबाईंनी तो लगेच दोन्ही हातांत धरला.

बोटांवरचा रंग उतरायला वेळ लागला. उघड्या बोटांनी पहिल्या कामाला जाताना दीपमालाचा जीव टांगणीला लागला होता. पण तिने बसल्या बसल्या आधीच सांगून टाकलं, “माझी बोटं थंडीत पांढरी पडतात. लागत नाही, दुखतं फक्त मला. पंखा बंद करा आणि मला उबेला बसवा.” लोकांनी पंखा बंद केला. एका बाईने उलट आपली बोटं पुढे केली, “बघा हो, माझीही अशीच होतात, मी कुणाला बोललेच नाही.” दीपमालाने तिला डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. हल्ली कोन फ्रीझरमधून शकुबाईच काढतात, निघायच्या कितीतरी आधी, आणि लोकरीच्या टोपीत गुंडाळून ठेवतात. वाल्मीकने मनमाडहून बिनबोटांचे हातमोजे आणले. त्याने रंग भडक निवडला, पण आणले, हे महत्त्वाचं. बोटं अजूनही कधीकधी पांढरी पडतात. मग दीपमाला कोन खाली ठेवते, हात काखेत घालते आणि सगळ्या बायका गप्पा मारत थांबतात.

ते मोतिया पोलकं मात्र गेलं. शकुबाईंनी साबण लावला, लिंबू चोळलं, उन्हात टाकलं. दोन्ही काखांशी पाच-पाच बोटं उमटली होती, ती काही हटली नाहीत. उबेत मेंदी जास्तच धरते. दीपमाला म्हणाली, नवं शिवू, हे टाकून द्या. शकुबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

परवा गोविंदनगरात एका नवरीची मेंदी होती. शकुबाई तेच पोलकं घालून आल्या. लिंबू-साखर टिपायला हात पुढे केला, तशी नवरीची करवली खुसखुसली, “आजी, हे काय हो? काखेत मेंदी? आणि रंगलीय किती गडद!”

दीपमालाने नवरीचा दुसरा तळहात मांडीवर घेतला होता. ती नेहमीचं वाक्य म्हणणार, तेवढ्यात तिची नजर पोलक्यावरच्या बोटांवर गेली आणि तिथेच अडकली. तेव्हा शकुबाईंनी कापूस वाटीत बुडवला, पिळला आणि नवरीला म्हणाल्या, “गडद रंगली ना, तर सासू मायेची असती म्हणत्यात.”