डिकीतली फांदी

नव्या सभागृहाच्या पाटीवरचा पडदा अजून ओढायचा होता, पण फाकामानी सांग्वेनी सकाळपासूनच तिकडं बघायचं टाळत होता. पडद्यामागं त्याच्या काकांचं नाव होतं, इन्कोसी भेकिफा सांग्वेनी. इन्कोसी म्हणजे मुखिया; झुलूंच्या मुलखात, थुकेला नदीकाठच्या या खोऱ्याची गादीही त्यांनी सांभाळली आणि मारित्झबर्गच्या विधिमंडळात आमदारकीही केली. दोन्ही कामं एकाच माणसानं कशी पेलली ते त्याचं त्यालाच ठाऊक. आज त्यांच्या नावानं बैल कापले होते, ज्वारीच्या बियरचे घडे फेसाळत होते, आणि निळा सूट घालून पुतण्या मंचावर बसला होता. काकांची विधिमंडळातली रिकामी जागा त्यालाच मिळणार, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

मंडपात पुढं गावातल्या म्हाताऱ्या बसल्या होत्या. इन्कोसींचा विषय निघाला की त्या आधी त्यांची सरकारी गाडी काढायच्या. आमदाराची गाडी कसली, म्हाताऱ्यांचा छकडा होता तो. पेन्शनच्या दिवशी वाटेत जी भेटेल तिला इन्कोसी ड्रायव्हरशेजारी पुढं बसवायचे, आणि स्वतः मागं, मक्याच्या पिठाची पोती मांडीवर घेऊन, गुडघे छातीशी. कुणी संकोचली तर म्हणायचे, "बस गं माय, पुढून रस्ता चांगला दिसतो."

फाकामानीला हेच ऐकवत नव्हतं.

काका उन्हाळ्यात मारित्झबर्गच्या दवाखान्यात वारले. देह शववाहिकेतून आला, पण देह आणला म्हणजे माणूस आणला असं नाही. जिथं शेवटचा श्वास सुटला तिथं घरच्या कुणीतरी काटेरी म्फाफाच्या झाडाची फांदी घेऊन जायचं, गेलेल्याला हाक मारायची, "चला, घरी जाऊ," म्हणायचं, आणि फांदीबरोबर त्याला घेऊन यायचं. त्याच्यासाठी एक जागा मोकळी ठेवायची. वाटेत वळण आलं, नदी आली, की त्याला सांगायचं. आणि घर येईपर्यंत दुसऱ्या कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. पोराबाळांनाही ठाऊक असलेली गोष्ट. इन्कोसींना मुलगा नव्हता, म्हणून माडुमा काकूंनी फांदी फाकामानीच्या हातात दिली होती.

त्यानं खाटेजवळ उभं राहून हाक मारली. डोळे भरून आले होते, ते खोटं नव्हतं. फांदी छातीशी धरून तो गाडीपाशी आला, पुढच्या सीटवर ती ठेवली, आणि तेवढ्यात त्याला समोरून पक्षाचे जिल्हाध्यक्ष डलोमो येताना दिसले. त्यांची गाडी बंद पडली होती.

डलोमोंनी अजून काही मागितलंही नव्हतं. मागितलं असतं तर नुसती मान हलवून भागलं असतं, झुलू माणसाला फांदी दिसली की पुढचं सांगावं लागत नाही. पण फाकामानीच्या मनात आलं, हा माणूस तासभर शेजारी बसेल. अशी संधी पुन्हा कुठली? ते जवळ येऊन काही बघायच्या आत त्यानं फांदी उचलली, डिकी उघडली, आत टाकली, आणि हसत म्हणाला, "बसा साहेब. पुढं बसा."

डलोमोंना वाटेत ग्रेटाऊनला उतरायचं होतं, तिथपर्यंत तो अखंड बोलत होता. स्वतःबद्दलच बोलत होता. डलोमो उतरल्यावर तरी फांदी पुढं घ्यावी की नाही? तेही या शहाण्याला सुचलं नाही, डोक्यात आमदारकी घुमत होती. घराच्या अलीकडच्या वळणावर आठवण झाली तेव्हा त्यानं गाडी थांबवून फांदी काढली आणि हातात धरून, मान झुकवून अंगणात गेला. काकूंनी विचारलं, "नीट आले ना रे?" तो म्हणाला, "आले काकू."

आता डलोमो माइकसमोर उभे होते. माणूस मनानं वाईट नव्हता, फक्त शहरात राहिलेला.

"इन्कोसींबद्दल मी काय सांगू? त्यांच्या घरातले संस्कारच सांगतो," ते म्हणाले. "ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात अडकलो होतो. घरात एवढं दुःख, तरी हा फाकामानी मला म्हणाला, बसा साहेब, पुढं बसा. ग्रेटाऊनपर्यंत गप्पा मारत आणलं मला. काकांनी म्हाताऱ्यांना पुढं बसवलं, यानं मला बसवलं."

त्यांना टाळ्यांची अपेक्षा होती. टाळी पडली नाही. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी एकमेकींकडं पाहिलं. त्या दिवशी फाकामानी कशासाठी गेला होता हे सगळ्या खोऱ्याला माहीत होतं, त्याला निरोप द्यायला या सगळ्या फाटकात उभ्या होत्या.

डलोमो गोंधळून खुर्चीकडं परतले. "काय झालं रे? काय चुकलं माझं?"

"त्या दिवशी मी काकांना न्यायला आलो होतो," फाकामानी पुटपुटला.

डलोमोंचा चेहरा पडला. "अरे, मग सांगायचं ना मला. मी मागं बसलो असतो, तोंड शिवून बसलो असतो."

फाकामानीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्यासाठी केलं त्यालाही ते नको होतं. आणि नेमकं तेव्हाच त्याचं नाव पुकारलं गेलं. खिशात छान लिहून आणलेलं भाषण होतं. तो माइकपाशी गेला खरा, पण ते त्यानं बाहेर काढलंच नाही.

पुढच्या रांगेतून एका आजीनं विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं तिला. "मग आमचा बाबा कुठं बसला होता रे?"

खोटं बोलायला अजून जागा होती. मागं बसवलं होतं म्हणाला असता तर कोण बघायला आलं होतं? पण त्या बाईला त्यानं स्वतः पाहिलं होतं, काकांच्या गाडीत पुढं, मांडीवर पर्स धरून ऐटीत बसलेली.

"डिकीत," तो म्हणाला. कर्ण्यातून तो शब्द सगळ्या खोऱ्यात गेला.

गावचे कारभारी मझिका उठले, काठी टेकत पाटीपाशी गेले आणि पडद्याची दोरी खांबाला घट्ट बांधून टाकली. "माणूस घरी आलेला नाही," ते म्हणाले. "नाव कुणाचं लावता?"

फाकामानी मंचावरून उतरला. त्याला वाट करून देताना लोक बाजूला होत होते, शिव्या कुणीच देत नव्हतं. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मंडपाच्या मागं, सुतकाच्या काळ्या कपड्यांत, चटईवर माडुमा काकू एकट्या बसल्या होत्या. तो त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला. वर बघायची हिंमत नव्हती.

"काकू, मी तुम्हाला..."

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "फांदीला कांद्याची सालं चिकटली होती. मी एकेक काढली. पुढच्या सीटवर कोण कांदे ठेवतं?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुझ्या काकांनी तुला अंगाखांद्यावर वाढवला." काकूंनी शालीची गाठ घट्ट केली. "रोज संध्याकाळी फाटकात जाऊन त्यांनाच सांगते. थोडं थांबा म्हणते. पोरगा आहे, येईल परत न्यायला."

फाकामानी तिथंच रडला, सुटाची पर्वा न करता. काकूंनी त्याला थोपटलं नाही. रडणं संपल्यावर एवढंच म्हणाल्या, "गाडी नको नेऊस. टॅक्सीनं जा, माणसांतून आण त्यांना."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात खाटेजवळ पुन्हा हाक मारून झाल्यावर मारित्झबर्गच्या टॅक्सीतळावर त्यानं दोन जागांचे पैसे दिले आणि ड्रायव्हरशेजारची जागा फांदीला दिली. "दुसरं कोण?" म्हणून ड्रायव्हर वळला, फांदी पाहिली आणि रेडिओ बंद केला. मागच्या बाईनं सीटच्या पाठीवर टाकलेली शाल हळूच काढून घेतली. ग्रेटाऊन आलं तसा खिशात फोन वाजला, डलोमोंचा. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला.

पुलावर टॅक्सी आली. गाडी माणसांनी भरलेली, सगळे गप्प, सगळ्यांना ऐकू जाणार होतं. फाकामानीनं घसा खाकरला.

"बाबा, थुकेला आली," तो म्हणाला. "मागच्या वेळी तुम्हाला दिसली नाही."