डिकीच्या कुलपातल्या अक्षता

मी निघोज्याची काळी मोटार बोलतेय. मधे कुणी बोलायचं नाही; आठ वर्षं गोठ्यात गप्प उभी होते, आता माझी पाळी.

जन्म विलायतेतला, पण चालायला शिकले ती चाकणच्या धुळीत. मालक दौलतराव हौशी. ते होते तोवर माझा हॉर्न वाजला की म्हशीसुद्धा रस्ता सोडत. ते गेले आणि माझी रवानगी गोठ्यात झाली. टपावर कोंबड्या बसू लागल्या. माझ्या टपावर, कोंबड्या! पण त्यांच्या पत्नी सरुबाई दर दसऱ्याला मला धुऊनपुसून पूजत. तेवढ्या एका दिवसावर मी वर्ष काढी.

छप्पन्न साली त्यांचे धाकटे दीर नानासाहेब म्हणाले, "वहिनी, जागा अडतीय. भंगारात घालू हिला."

"भावजी, येत्या दसऱ्याला ही गाडी शीव ओलांडील. न्हाई ओलांडली, तर खुशाल मोडा."

माझ्या जिवाचा सौदा, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही!

चिंचवडहून सोनबा मिस्त्री आले. महिनाभर राबून त्यांनी इंजिन उघडलं, घासलं, जुळवलं. रंग असा दिला की कोंबड्या टपावरून घसरू लागल्या. पण गाडी चालू करायचं हँडल डिकीत, आणि डिकी उघडेना. किल्ली भोकात शिरतच नव्हती. दुसऱ्या गाड्यांची हँडलं आणून पाहिली, एक बसेल तर शपथ. असं करता करता दसऱ्याची सकाळ उजाडली.

"आक्का, आता पहारच," सोनबा म्हणाले.

"पहार लावशील तर तुझ्याच पाठीत घालीन! कुणा जळक्यानं भोकात काय कोंबलंय, ते बघ आधी."

सोनबांनी कुलपात घासलेट सोडलं. सरुबाईंनी अंबाड्यातला आकडा काढून आत खुपसला. गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला सांगू? वाळलेल्या शेंदराचा खडा निघाला. मग तांदळाचा दाणा. मग आणखी एक.

सरुबाईंचा हात थांबला. "अगं बया! ह्या तर माज्याच अक्षता."

"भोकात?"

"मग? तोंड तेच न्हवं का तिचं? दर दसऱ्याला घास भरवत हुते."

सोनबा ऑइलचं फडकं तोंडाला लावून हसू दाबू लागले. नानासाहेबांना तेवढंही जमेना. "वहिनी, जळकं सापडलं म्हणायचं!"

"हसा, हसा. उपाशी तर न्हाई ठेवली!"

किल्ली फिरली. डिकी कुरकुरत उघडली. आत उंदरांचं बिऱ्हाड, आणि दौलतरावांच्या जुन्या पटक्यात गुंडाळलेलं हँडल. सरुबाईंनी पटका झटकला, नाकाशी धरला. "अजून तंबाखूचा वास हाय," एवढंच म्हणाल्या आणि हँडल सोनबांच्या हाती दिलं. तिसऱ्या हिसक्याला मी ठसकले, शिंकले आणि अशी गरजले की टपावरची कोंबडी थेट नानासाहेबांच्या डोक्यावर!

दिवस मावळायच्या आत मी शीव ओलांडली. पुढे सरुबाई, मांडीवर पटका. मागे नानासाहेब, "सोनबा, हळू हाण," म्हणत. मला भंगारात घालायला निघालेला माणूस हात दाखवून गावाचे रामराम घेत होता.

त्याला वर्ष होत आलं. दर बाजाराला मी चाकणला जाते. तक्रार नाही. पण परवा सोनबा पेट्रोल ओतत असताना सरुबाई शेजारी उभ्या राहून नीट निरखत होत्या. "म्हंजे तोंड हितं हाय व्हय!" म्हणाल्या.

दसरा चार दिवसांवर आलाय. कुणीतरी त्यांना सांगा हो, मला पेढा चालत नाही!