एवढ्याशा 'द'चा केवढा दावा

मित्रांनो, माझा रंग उडालाय, पण निब अजून सरळ चालते. मी एक जुना लाल शाईचा पेन आहे.

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात शांतादेवी मॅडम इंग्रजी शिकवायच्या. त्यांच्या हातात मी तीस वर्षं काम केलं. माझी सर्वांत जास्त शाई खर्ची पडली ती 'ए', 'ॲन' आणि 'द' या चिमुकल्या शब्दांवर, म्हणजे आर्टिकल्सवर. मराठीत असले शब्द नाहीत. म्हणून मुलं एक तर ते गाळायची, नाहीतर भेळेवर शेव भुरभुरावी तसा 'द' सगळीकडे टाकायची. एकदा कुणीतरी 'ए एमआयडीसी' लिहिलं. मॅडम म्हणाल्या, "अक्षर बघू नकोस, उच्चार ऐक. 'एम' स्वरानं सुरू होतो, म्हणून 'ॲन'!"

पुढे निबंध संगणकावर आले, मॅडम निवृत्त झाल्या आणि मी खणात पडलो. माझ्यातली शाई सुकून गेली.

यंदा मॅडमची जुनी विद्यार्थिनी रुचिता हुपरीहून आली. सोबत तिची आई सुरेखा होती. ती घरीच चांदीची पैंजणं घडवते. अशा कारागीर बायकांच्या मानदुखीवर रुचितानं इंग्रजीत शोधनिबंध लिहिला होता आणि तो नियतकालिकाकडून परत आला होता. शेरा होता, 'निष्कर्षाला पुरावा नाही.' सुधारून पाठवायला आठच दिवस उरले होते.

रुचिताचे डोळे भरून आले. "मॅडम, दोन वर्षं घरोघर फिरले. पुरावा नाही कसा?"

मॅडमनी मला कोमट पाण्यानं धुतलं, शाई भरली आणि त्या वाचू लागल्या. शेवटच्या पानावर त्या थांबल्या.

"वाकून बसणं 'द कॉज' आहे, असं लिहिलंस. म्हणजे तेच काय ते कारण, दुसरं नाहीच. एवढ्या मोठ्या दाव्याला पुरावा कुठंय?"

सुरेखा ताडकन म्हणाली, "तेच कसं ओ मॅडम? पाण्याच्या घागरी कोण उचलतंय? वैरणीचा भारा कोण आणतंय? बसणं हे एक कारण हाय की!"

मॅडम खळखळून हसल्या. "रुचिता, आईला आर्टिकल बरोबर कळलं बघ!"

मी 'द' खोडून 'ए' लिहिला. पुढे नुसतंच 'विमेन' होतं. रुचितानं मला हातात घेतलं. "मी भेटले त्या साठ जणींबद्दलच हे आहे. सगळ्या बायकांबद्दल नाही. मग इथं 'द' हवा ना?" मॅडमनी मान डोलावली. तो 'द' तिनं स्वतः लिहिला.

दोन महिन्यांनी निबंध स्वीकारल्याचं पत्र आलं. मॅडमनी मला तिलाच देऊन टाकलं, आता मी रुचिताच्या टेबलावर असतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादा पेन खणात पडला असेल. त्याला धुवा, त्याच्यात शाई भरा. आणि इंग्रजी लिहिताना स्वतःला विचारा, 'कुठलं तरी एक, की तेच ते?' जेवढं खरं, तेवढंच लिहा. मग तुमच्या पानावर लाल शाईला कामच उरणार नाही, आणि त्याचा सर्वांत जास्त आनंद मलाच होईल.