ज्याच्या पाळीत दिसलं, त्याचं

मेलेला ससा विहिरीत निवांत तरंगत होता आणि तो कोणाचा, यावर वर दोघा भावांची जुंपली होती. जिवंत असता तर दोघांनीही तो आपला म्हणून सांगितला असता. मेला, म्हणून एकदम परका झाला.

विहीर दोघांची होती. बाप गेल्यावर शेत वाटलं, बैल वाटले, खुरपीसुद्धा वाटली, पण विहीर काही मधोमध कापता येईना. मग पाळ्या ठरल्या. एक दिवस थोरल्याचा, एक धाकट्याचा, आणि सूर्य बुडाला की पाळी बदलली. बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या पाळीत विहिरीवर येईल तो पाणीचोर, हेही ठरलं. हे कलम थोरल्यानं घातलं होतं. थोरल्याला कायदे करायची भारी हौस. घरात बायको त्याचं एक ऐकत नसे, त्यामुळे त्याचे सगळे कायदे विहिरीवर लागू व्हायचे.

"फुगलाय बघ किती," भावाला मुद्दाम बोलावून आणलेला धाकटा वाकून म्हणाला. "हा आजचा नाही, दादा. कालचा आहे. काल पाळी तुझी होती."

"तू काय सशांचा डॉक्टर आहेस?"

"मग तूच सांग, कधी पडला?"

"ते त्याला विचार. मी काय रात्रंदिवस विहिरीत तोंड घालून बसतो?"

खरं सांगायचं तर थोरल्यानं तो ससा आदल्या दिवशी दुपारीच पाहिला होता. पाहिला आणि तोंडाला कुलूप लावून मावळतीची वाट बघत बसला. आता मात्र त्याचा चेहरा असा, की ससा हा प्राणी आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय.

बांधावरून लोहार चालला होता. थोरल्यानं त्याला हाक मारून थांबवलं. "तू साक्षीदार. आजपासून एकच कायदा. कधी पडलं, किती फुगलं, ही भानगड नको. ज्याच्या पाळीत दिसलं, त्याचं. त्यानं काढायचं, त्यानं पुरायचं. दुसऱ्यानं हातसुद्धा लावायचा नाही. कबूल?"

धाकट्यानं दोर उचलून खांद्यावर टाकला. "कबूल. पण तुझाच शब्द आहे, दादा. उद्या फिरवू नकोस."

"माझा शब्द म्हणजे दगडावरची रेघ," थोरला म्हणाला.

लोहारानं मान डोलावली आणि तो वाटेला लागला. धाकटा दोर सोडून खाली उतरला, ससा वर आणला, पाणी उपसून टाकलं. त्याची बायको काठावर उभी राहून हे सगळं बघत होती. धाकटी तशी कमी बोलणारी. पण बोलली की मोजकं आणि नेमकं वर्मावर.

"मेल्यावर कोणाचं, यावर एवढी डोकी चालतात," ती म्हणाली. "मरूच नये म्हणून एखादं चालवा की."

त्या वर्षी ऊन असं की जमिनीच्या भेगांत पाय जाईल. ओढा आटलेला, डबकी सुकलेली. रानातल्या जिवांना पाण्याचा वास विहिरीकडे ओढून आणायचा. विहिरीचा कठडा एका बाजूनं ढासळलेला, पायऱ्या कधीच्या बसलेल्या. जीव वाकायचा, पाय घसरायचा, आणि चारी बाजूंनी गुळगुळीत दगड. पोहून पोहून दमला की संपलं. त्या उन्हाळ्यात विहिरीतून ससे निघाले, खारी निघाल्या, एक कोल्ह्याचं पिल्लू निघालं. ते पिल्लू निघालं त्या दिवशी धाकटीला पाण्याचा घोट उतरला नव्हता.

त्यानंतरच्या आपल्या पाळीला धाकट्यानं काम काढलं. बांधावरचं एक वठलेलं झाड पाडून त्याचा लांब ओंडका केला, साल तशीच ठेवली. धाकटीनं त्याला जुनी पोती गुंडाळली, नखं रुतावीत म्हणून. ओंडक्याचं बूड पाण्यात टेकवलं आणि शेंडा ढासळलेल्या कठड्यापाशी लोखंडी खुंटाला दोरानं आवळून बांधला. शिवाय बांधापलीकडे धाकटीनं एक पसरट घमेलं ठेवलं, आत दगड टाकले, आणि रोज त्यात पाणी भरू लागली. ज्याला विहिरीपर्यंत यायचं नाही त्यानं तिथंच प्यावं, पिताना बुडू नये.

थोरल्याला हे कळलं तेव्हा तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"शिडी कोणाला विचारून लावली? कठडा ढासळलाय तो माझ्या बाजूचा."

"तो माझ्या बाजूचा असता तर मी बांधून काढला असता," धाकटा म्हणाला.

"उंदरा-मांजरांना शिड्या. उद्या सापांना छत्र्या वाट."

थोरला बोलला खरा, पण ओंडक्यानं काम चोख केलं. विहिरीत मेलेलं काही सापडेना. एकदा एक भलीमोठी घोरपड ओल्या पोत्यावरून डुलत डुलत वर आली आणि थोरल्याच्या देखत त्याच्याच शेतात निघून गेली. त्याला ते फार लागलं. फायदा आपलाही होतोय हे दिसत होतं, पण तो धाकट्याच्या डोक्यातून आला होता, आणि असला फायदा थोरल्याला कधी पचला नव्हता.

अशात त्याच्या घरची तांबडी कोंबडी नाहीशी झाली.

"रानमांजर," थोरल्यानं निकाल दिला. "त्या ओंडक्यावरून येतं-जातं. मी पाहिलंय."

"रानमांजर आधीपण होतं," थोरली भांडी घासता घासता म्हणाली.

"आधी पडायचं नि मरायचं. आता पडतं नि वर येतं. हाच तर माझा मुद्दा आहे."

"तुमचे मुद्दे विहिरीवर नेऊन मांडा. मला कोंबडी शोधू द्या."

थोरल्यानं ते मनावर घेतलं. ओंडका काढायचा, आणि तोही धाकट्याच्या पाळीत काढायचा. आपल्या पाळीत गेला तर बोट आपल्याकडे येणार. त्याच्या पाळीत गेला तर दोर सैल बांधला, सरकला, बुडाला, संपलं. शिवाय नंतर जे काही पडेल ते ज्याच्या पाळीत दिसेल त्याचं. या हुशारीवर तो स्वतःच इतका खूश झाला की जेवताना दोनदा हसला. थोरलीनं कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा तो विहिरीवर आला. धाकटा लांबच्या तुकड्यात होता. थोरल्यानं खुंटाची गाठ सोडली. गाठ सुटली तसा ओंडका करकरला. त्याला आवरायला थोरल्यानं दोराचं टोक मनगटाला गुंडाळलं, आणि हीच चूक झाली. त्याच क्षणी खाली, ओंडक्याच्या बुडाशी पाणी पिणारं काहीतरी दचकून उसळलं. ओंडका घसरला, त्याच्यामागून दोर गेला आणि दोरामागून थोरला.

पाणी छातीइतकं होतं, म्हणून वाचला. नाकातोंडातलं पाणी काढून त्यानं वर बघितलं. ओंडक्याचा शेंडा आता काठाच्या बराच खाली एका कपारीत अडकला होता. आणि शेंड्याला चिकटून, त्याच्यासारखंच निथळत, बसलं होतं रानमांजर.

मांजर त्याच्याकडे बघून फिस्कारलं.

"मलाच फिस्कार," थोरला म्हणाला. "कोंबडी माझी खाल्लीस, आणि वर मलाच."

ओरडावं म्हणून त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. आज पाळी धाकट्याची. बोलावणं नाही, काही नाही. इथं सापडलो तर पाणीचोर. सोडलेला दोर तर मनगटालाच गुंडाळलेला. पण सूर्य बुडाला की पाळी आपली. मग आपल्या विहिरीत आपण काय वाटेल ते करू. उभे राहू, बसू, पोहू. कोण विचारणार? त्यानं वरच्या दगडावरचं ऊन पाहिलं आणि थांबायचं ठरवलं.

ऊन मात्र थोरल्याचं काही देणं लागत नव्हतं, ते आपल्या चालीनं चाललं होतं. पाय गार पडले. दात वाजायला लागले. ओंडक्यावर बूड टेकावं म्हणून तो दोनदा चढायला गेला, दोन्ही वेळा ओंडका हलला आणि शेंड्यावरचं मांजर खाली घसरायला लागलं. घसरताना ते पोत्यात नखं रुतवून असं काही कळवळून ओरडलं की थोरला मुकाट्यानं पुन्हा पाण्यात उतरला.

आता कुठं त्यानं मांजराला नीट बघितलं. गावात सांगताना तो हाताएवढं दाखवायचा. ओलं झालेलं ते जेमतेम पायपुसण्याएवढं होतं. थरथरत होतं. पोटाखाली दूध भरलेलं. म्हणजे कुठंतरी पिल्लं होती, आणि ती वाट बघत होती. या विहिरीत आजवर किती जणांनी अशीच नखं घासली असतील, आणि आपण वर उभं राहून पाळी कोणाची ते भांडलो, हे त्याला पहिल्यांदाच खालून दिसलं. खालून फार वेगळं दिसत होतं.

त्यानं ओंडक्याचं बूड दोन्ही पायांत दाबून धरलं. "बस," तो म्हणाला. "हलत नाही मी."

वरच्या दगडावरचं ऊन गेलं. थोरल्यानं मनातल्या मनात शंभर आकडे म्हटले, कायद्यात फट नको म्हणून, आणि मग बोंब ठोकली.

धाकटा धावत आला. मागून धाकटी, तिच्यामागून थोरली. तिघांची डोकी काठावर ओळीनं दिसली. धाकट्यानं थोरल्याला बघितलं, मांजराला बघितलं, मोकळा खुंट बघितला, मनगटाचा दोर बघितला.

"बघतोस काय? वर काढ."

"पाळी कोणाची आहे, दादा?"

"माझी," थोरला ताठ आवाजात म्हणाला. "सूर्य बुडालाय. मी माझ्या विहिरीत आहे."

"तेच म्हणतोय मी. तुझ्या पाळीत दिसलं. म्हणजे तू काढायचं. दुसऱ्यानं हातसुद्धा लावायचा नाही. लोहार साक्षीदार आहे, बोलावू का?"

थोरला मनगटावरचा दोर सोडवायला लागला.

"अरे, मी दुपारपासून आहे इथं," थोरला शेवटी बारीक आवाजात म्हणाला. "तुझ्या पाळीत पडलोय."

"कधी पडलं, किती फुगलं, ही भानगड नको, असं ठरलंय."

"अहो," थोरली मधेच वाकून म्हणाली, "ती तांबडी सापडली बरं का. गवताच्या गंजीमागं अंडी उबवत बसलीय. तेच सांगायला शोधत होते तुम्हाला."

थोरल्यानं मांजराकडे बघितलं. मांजरानं त्याच्याकडे बघितलं. माफी मागायची त्याला सवय नव्हती आणि मांजराला घ्यायची गरज नव्हती.

"आधी तिला काढा," तो म्हणाला. "ती पिल्लांची आई आहे. तिचा कायद्याशी काही संबंध नाही."

धाकटी गुडघ्यावर बसली. "भाऊजी, ओंडका खालून रेटून वर लावा. दोर वर फेका, आम्ही ताणून धरतो. ओंडक्याला हात लावायची कायद्यात मनाई नाही."

थोरल्यानं खांदा लावून रेटा दिला, वरून तिघांनी ओढलं, शेंडा कपारीतून सुटून वर सरकला. तरी काठाला हातभर कमीच पडला. मांजरानं एकदा वर पाहिलं, एकदा खाली, आणि त्याला पटेल तो रस्ता काढला. ते मागं फिरलं, थोरल्याच्या खांद्यावर उतरलं, तिथून डोक्यावर चढलं, टकलावर चारी पायांची नखं रोवून ताकद घेतली, आणि ओंडक्यावरून सुसाट धावत थेट काठावर. दुसऱ्या क्षणी ते बांधापलीकडे दिसेनासं झालं.

"आई गं," थोरला म्हणाला. एवढंच.

मग तो चढला. हातापायांवर, पोत्यात नखं रुतवत, घोरपडीसारखा डुलत डुलत. जी शिडी काढायला आला होता तिच्यावरूनच. शेंड्यापाशी पोचला आणि अडला. ते हातभर अंतर त्यानं स्वतःच गाठ सोडून तयार केलं होतं, हे त्याला ठाऊक होतं. वर उभ्या असलेल्यांनाही ठाऊक होतं. वर तो बघेना. धाकट्यानं वाकून हात पुढं केला.

"कायदा?" थोरला म्हणाला.

"उद्या बघू. हात दे."

पुढं गावात थोरल्यानं सांगितलं की टकलावरचे ओरखडे काटेरी कुंपणाचे आहेत. लोहार म्हणाला, "कुंपणाला बोटं चारचार दिसतात." पण थोरल्याच्या पुढच्या पाळीत लोकांनी पाहिलं ते असं, की तो ढासळलेला कठडा बांधून काढतोय. कठड्याला त्यानं ओंडक्याच्या रुंदीची वाट मोकळी ठेवली. ओंडक्याला आडव्या पट्ट्या ठोकल्या, गाठ दुहेरी मारली. कोणी विचारलं तर म्हणायचा, "जनावरांसाठी. माणूस थोडाच पडतोय विहिरीत."

आणि भांडण मिटलं म्हणाल, तर छे. परवाच विहिरीवर दोघांचा आवाज चढला होता. ओंडक्यावरून एक मुंगूस वर येऊन अंग झटकत उभं होतं.

"माझ्या पाळीत वर आलं," थोरला सांगत होता. "आजपासून कायदा. ज्याच्या पाळीत जिवंत वर आलं, पुण्य त्याचं."

"पडलं माझ्या पाळीत, ओंडका माझा, आणि पुण्य तुझं?"

"पडलं कधी, ही भानगड नको."

"बरं," धाकटा म्हणाला. "मग त्या दिवशी तू वर आलास ते कोणाच्या खात्यात?"

थोरल्यानं मनात हिशेब मांडला. पाळी त्याची होती, कायदा त्याचा होता, कुठूनही पाहिलं तरी पुण्य त्याच्याच पदरात पडत होतं. त्यानं टकलावरून हात फिरवला.

"ते तू घे," तो म्हणाला. "तेवढं एक तुझ्याकडे लाव. पण मुंगूस माझं."

मुंगूस तोवर धाकट्याच्या शेतात निघून गेलं होतं.