अकरावा आवाज

बकरा दार्मीच्या कळपातला होता, म्हणून त्याच्या आतड्यांनी जे सांगायचे ते दार्मीच्या घराविषयी सांगायचे होते. आतडी वाचायला बसला होता दाबासो, तिच्या दिवंगत नवऱ्याचा चुलतभाऊ आणि विहिरीचा पाळीप्रमुख. कुणाच्या गुरांनी कोणत्या दिवशी, कुणाच्या मागून पाणी प्यायचे हे ठरवणारा माणूस तोच. पाऊस सलग चौथ्या हंगामात चुकला होता. आफ्रिकेतल्या बोराना गुराख्यांच्या त्या पठारावर आता उभे गवत उरले नव्हते. उरले होते ते काटेरी कुंपण आणि लाल धूळ.

दाबासोने ओल्या आतड्यांचा पडदा पानांवर पसरला, बराच वेळ पाहिला आणि काठीच्या टोकाने एक शीर दाखवली.

"पूर्वेला पाणी आहे. वहिनी, तुमचा कळप इथे ठेवू नका. परवा निघा. चार दिवसांची वाट आहे, पण गवत मिळेल."

जमलेल्या पुरुषांनी माना हलवल्या. बायका मागे उभ्या होत्या. दार्मी त्यांच्या तीन पावले पुढे काठीला रेलून उभी होती, आणि तिची नजर त्या शिरेवर खिळली होती. शीर कोरडी होती. पावसाची खूण जिथे उमटते ती जागा धुतलेल्या दगडासारखी मोकळी होती.

तिचा नवरा गुयो चाळीस वर्षे आतडी वाचत असे. बाईने त्या वर्तुळात तोंड उघडायचे नाही, हा दंडक. दार्मीने तो कधी मोडला नव्हता आणि त्या दिवशीही मोडला नाही. पण डोळे मिटून उभे राहण्याचा दंडक कुणी घातलेला नव्हता.

घरी परतताना सून तुमे म्हणाली, "आई, चांगलं झालं ना? पाऊस आहे म्हणे."

"आहे म्हणे," दार्मी म्हणाली. "कोण म्हणे, ते बघ आधी."

तिची तेरा गुरे होती. त्यात बोरा गाय गाभण, आठव्या महिन्यात. आसपासच्या वस्तीत एवढा धडधाकट कळप दुसरा नव्हता, आणि त्याचे कारण दैव नव्हते. दार्मीने लवकर विकली नाहीत, उशिरा चारली नाहीत, आणि एकही पाळी चुकवली नाही. विहिरीचा नियम साधा होता: लागोपाठ तीन पाळ्या चुकल्या की हक्क संपला. चार दिवस जायला, चार यायला, मध्ये गवताचा शोध. पाळी जाणार हे उघड होते. पूर्वेला काही नसले तर परतायला जागाच उरणार नव्हती. मग तेरा गुरांची तेरा कातडी.

आणि तिची पाळी मोकळी झाली की ती देणार कोण? दाबासो.

दुसऱ्या दिवशी तिची पाळी होती. गेले दोन महिने पाळीला गुरे तुमे आणायची; त्या दिवशी दार्मी स्वतः गेली. तिने सगळ्यांच्या आधी गुरांना पाणी पाजायच्या डोणीजवळ दगडावर बैठक मारली. विहीर इतकी खोल की वरून तळ दिसत नाही. जमिनीत कापलेला उतार खाली जातो, मग वळण, मग अंधार. आत पुरुष एकावर एक कपारीत उभे राहतात आणि कातडी बादली हातोहात वर येते. बादली हातात आली की प्रत्येकाने आपला शब्द गायचा, ही जुनी रीत. गुरे गाणे ऐकून शांत उभी राहतात. आणि ज्याला कान आहेत त्याला साखळीत किती माणसे आहेत हे न पाहता कळते.

दार्मी लग्न होऊन आली तेव्हापासून नऊ आवाज होते.

त्या दिवशी तिने मोजले. अकरा.

पुन्हा मोजले. अकराच. दहावा आणि अकरावा आवाज तळाकडून येत होते, घोगरे आणि दमलेले. तिने ते ओळखले: वाको आणि त्याचा भाऊ. वाको म्हणजे दाबासोचा जावई, दुसऱ्या विहिरीवर उंट पाळणारा.

तिच्या मनात आता सगळे ओळीने बसले. ज्या घरचा माणूस साखळीत उभा, त्या घराचा पाण्यावर हक्क. जावयाला आधी साखळीत घ्यायचे, मग वहिनीला आतड्यांच्या नावाने पूर्वेला हाकलायचे, मग मोकळी पाळी उंटांना. दाबासो लहान होता तेव्हापासून ती त्याला ओळखत होती. गरम दूध फुंकून पिणारा, भित्रा मुलगा. भित्री माणसेच असले हिशोब करतात, असे तिला वाटले.

तिचा मुलगा हुका साखळीत पाचवा होता; कळप निघाला की त्यालाही कळपामागे जावे लागणार होते. तो दम खायला वर आला तेव्हा तिने त्याला अडवले.

"वाको खाली काय करतोय?"

"पाणी काढतोय."

"ते मलाही ऐकू येतं. का काढतोय?"

हुकाने चेहरा पुसला. "आई, विहिरीतलं विहिरीत राहू दे."

"कुणी शिकवलं हे?"

"शपथ आहे." तो तिच्या डोळ्यांत बघेना. स्वतःच्या पोराने नजर चुकवावी! तिने काठी उचलली आणि ती उठली.

"आई, खाली बायका जात नाहीत," तो कुजबुजला.

"खाली माझी पाळी आहे. बाजूला हो."

उतारावरून ती हळूहळू गेली. गाणे थांबले नाही. थांबवले असते तर बादल्या सांडल्या असत्या. वळणाशी तिने भिंतीला हात लावला आणि खाली पाहिले.

ज्या कपारीत पूर्वी शेवटचा माणूस गुडघाभर पाण्यात उभा असे, ती कोरडी होती. तिथला माणूस आता खालून येणारी बादली घेत होता. त्याच्याखाली नव्याने बांधलेल्या बल्ल्यांवर एक माणूस. त्याच्याखाली वाको, चिखलात बसलेला. तो बादली बुडवत नव्हता. वाटीने खरवडून खरवडून भरत होता.

दोन माणसांची उंची. एवढे पाणी गेले होते.

दाबासो तिच्या मागे येऊन उभा राहिला होता. तिने वळून न पाहता विचारले, "कधीपासून?"

"दीड महिना झाला."

"आणि सगळ्यांना शपथ घातलीत."

"कळलं असतं तर एका दिवसात मारामारी झाली असती, वहिनी. पाणी आहे, पण सगळ्यांच्या गुरांना नाही. दहा-बारा कमी झाली तर पुरेल कसंबसं."

"मग माझा कळप हाकलायचा."

"कुणाला हाकलू, सांगा. आपल्या कुळातल्या माणसाला पाणी नाकारलं तर मला विहिरीवर तोंड दाखवता येणार नाही. आणि त्या विधवा लोकोची चार गुरं? रोज सकाळी शेपटीला धरून उठवावी लागतात. ती चार दिवस चालतील? तुमची चालतील."

"म्हणजे माझी गुरं जगली हा माझा गुन्हा."

"हो," दाबासो म्हणाला. "तसंच आहे ते."

तिला हसू येणार होते, पण आले नाही. "जावयाला काय कबूल केलंत?"

"काही नाही. उंट त्याचे तिकडेच आहेत. न विचारता चिखलात उतरेल असा मला तोच एक माणूस मिळाला. तुमच्यासमोर विचारतो त्याला, हवं तर."

"नको." तिने विचारले, "पूर्वेला पाऊस आहे?"

दाबासोने मान खाली घातली. "आतड्यांत काही नव्हतं."

"ते मी पाहिलं."

त्याने चमकून वर पाहिले. "तुम्हाला वाचता येतं?"

"चाळीस वर्षं ते रक्त मी धुतलं, भाऊजी. खोटं तरी धड वाचायचं. पाण्याची खूण त्या शिरेवर येतच नाही."

दोघे वर आले. डोणीशी पोहोचल्यावर तिने निघण्यासाठी आपली अट घातली, हुकूम द्यावा तशी: हुका साखळीतच राहील, आणि घरचा माणूस साखळीत आहे तोवर तिची पाळी रिकामी असली तरी तिचीच. दाबासोने मान्य केले. मग गुरे कोण नेणार, हे विचारायची हिंमत त्याला झाली नाही. ते सगळ्यांना दिसतच होते: एक म्हातारी आणि एक सून.

दुसऱ्या सकाळी कुंपण उघडले. बोरा पुढे, बाकीची मागे. तुमेने दुधाची दोन भांडी आणि पाण्याचे एक कातडे खांद्याला लावले. वस्तीच्या टोकाला लोको धावत आली. तरणी विधवा, कडेवर मूल, तोंडावर धूळ.

"काकी, थांबा! मी पण येते. माझी चारही गुरं आणते, आत्ता."

"नाही."

"मागे मागे चालेन. तुमच्या पाण्याला हात लावणार नाही."

"बकरा माझा होता," दार्मी म्हणाली. "आतडी माझ्या घराचं बोलली. तुझ्या घराचं काही बोलली नाहीत. इथेच राहा. पाळी चुकवू नकोस."

लोको तिच्याकडे बघत राहिली, आणि दार्मीला तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट ओळीने बसताना दिसली, कालच तिच्या स्वतःच्या मनात बसली होती तशी.

"असं होय!" लोको हळूच म्हणाली. मग मोठ्याने, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असे: "एकटीलाच गवत हवंय म्हातारीला! तेरा गुरं आहेत तरी पोट भरत नाही!"

दोन-तीन झोपड्यांतून माणसे बाहेर आली. दाबासो डोणीशी उभा होता. त्याने मान फिरवली. तो सांगू शकत नव्हता, आणि तीही.

"आई, तिला सांगा ना काहीतरी," तुमे रडवेली झाली.

"चल पुढे. बोराला उन्हाआधी सावलीला न्यायचंय."

तिने मागे पाहिले नाही. विहिरीतून गाणे येत होते. सवयीने तिने मोजले, आणि पाचवा आवाज आला तेव्हा तिचे पाऊल किंचित अडखळले.

तिसऱ्या दिवशी दुपारी पूर्वेच्या डोंगरावर एक ढग दिसला. लहान, कडेने काळसर. तुमे थांबली, डोळ्यांवर हात धरला.

"आई! बघा! पाऊस असेल का त्यात?"

दार्मी काठीवर रेलून त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली, ज्या नजरेने तिने त्या कोरड्या शिरेकडे पाहिले होते त्याच नजरेने.

"आधी जवळ येऊ दे त्याला," ती म्हणाली, आणि बोराच्या पाठीवर हलकेच काठी टेकवली.