लेकरासाठी गाडी

अक्षराला झोप लागायची ती गजराजच्या आवाजावर. लातूरच्या शोरूममध्ये वर्षाराणीच्या टेबलामागे छताच्या कडीला जुन्या साडीची झोळी टांगलेली असायची. दुपारी लेक किरकिरायला लागली की वर्षाराणीचे सासरे, ईश्वरप्पा, दारातली आपली चाळीस वर्षांची गजराज मोटारसायकल सुरू करून नुसती उभी ठेवत. धड, धड, धड. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, म्हातारा गाडी दाखवतोय. तो खरं तर नात निजवत असे.

गाडी दाखवायला तसं गिऱ्हाईकही उरलं नव्हतं. एके काळी गजराज घेणारा माणूस आधी मिशा वाढवायचा आणि मग नंबर लावायचा. सरपंच, फौजदार, आडतीवाले, सगळे याच दारातून गेले. आता त्या मिशा पिकल्या होत्या आणि पोरं म्हणत होती, ही आजोबांची गाडी.

ते कंपनीच्याही कानावर गेलं. तिने तरुणांसाठी नवी गाडी काढली, गजराज स्प्रिंट. लाल रंग, खाली झुकलेलं हँडल, मागे उचललेलं सीट. ईश्वरप्पांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, टाकीवर विभूतीची तीन बोटं ओढली आणि म्हणाले, "हत्तीला चड्डी घातली यांनी." चालू करून पाहिली तर ती अशी किंचाळली की झोळीतलं लेकरू दचकून उठलं.

पाठोपाठ कंपनीचे साहेब आले. अंबरीश सर, पुण्याचे, हातात लॅपटॉप. त्यांनी भिंतीवर आकडेवारीच्या रंगीत चकत्या पाडून दाखवल्या. अख्ख्या मराठवाड्यात सतरा ते एकवीस वयाची इतकी दाट वस्ती लातूरशिवाय कुठेच नाही, हे आकड्यांवरून त्यांनी शोधून काढलं होतं आणि कोलंबसाला झाला नसेल एवढा आनंद त्यांना झाला होता. दसऱ्यापर्यंत स्प्रिंटचे बारा तरुण ग्राहक, असं त्यांनी ठरवून टाकलं. नाहीतर लातूरची एजन्सी बंद होऊन नांदेडच्या शोरूमला जोडली जाणार.

वर्षाराणीने सांगून पाहिलं. "सर, ती पोरं डॉक्टर व्हायला आलीत. क्लासमधून होस्टेल, होस्टेलमधून क्लास. त्यांचा मोबाईलसुद्धा रेक्टरकडे जमा असतो. त्यांना गाडी कोण घेऊन देणार?"

"वहिनी, यूथ म्हणजे यूथ," सर म्हणाले आणि लॅपटॉप मिटला.

ईश्वरप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. वर्षाराणी जेवली, पण घास तिलाही गोड लागला नाही. नवरा साखर कारखान्यात, निलंग्याकडे. आठवड्यातून एकदा येणार. शोरूममधली ती फिरती खुर्ची आणि तिच्यामागची ती झोळी, जगात एवढी एकच जागा अशी होती जिथे ती एकाच वेळी आईही होती आणि वर्षाराणीही. एजन्सी नांदेडला गेली की झोळी घरी जाणार, खुर्ची भंगारात, आणि ती झोळीबरोबर.

म्हणून तिने प्रयत्न केला. क्लासेसच्या गल्लीत फिजिक्स सुटून बायोलॉजी भरण्याच्या मधल्या वीस मिनिटांत स्प्रिंट उभी केली. पोरं जमली. एकाने टॉर्क विचारला, दुसऱ्याने चाकाची त्रिज्या, तिसऱ्याने वहीत गणित मांडलं आणि घर्षण धरलं तर कंपनीने छापलेला वेग गाठताच येणार नाही असं सिद्ध केलं. मृण्मयी नावाची एक चष्मेवाली तेवढी सीटवर बसली. वर्षाराणीच्या जिवात जीव आला. पोरगी म्हणाली की तिथं जरा सावली आहे, आणि नोट्स वाचत बसली. मग रेक्टर आले आणि मुलांचं लक्ष विचलित करता म्हणून गाडीसकट वर्षाराणीला गल्लीबाहेर काढलं.

दसऱ्याला तीन आठवडे उरले तेव्हा रेणापूरहून साखराबाई आल्या. पंचाहत्तरीच्या, नऊवारी, हातात कापडी पिशवी. आल्या त्या थेट स्प्रिंटपाशी गेल्या.

"आमच्या लेकराला ही पाहिजे. लाल. वाकून बसायची."

वर्षाराणीने टॅब उघडला. कंपनीच्या फॉर्मात प्रश्न होता, गाडी कोणासाठी? स्वतःसाठी, पत्नीसाठी, मुलासाठी. तिने तिसऱ्यावर बोट ठेवलं. टॅबवर फुगे उडाले आणि 'यूथ रायडर'च्या रकान्यात शून्याचा एक झाला. तिने हात जोडायचेच बाकी ठेवले.

"काय करतं लेकरू, मावशी?"

"शाळंत असतंय. अहमदपूरला."

"कितवीला?"

"दहावीला."

तिचं बोट थांबलं. "मग लायसन नसेल त्याचं."

"हाय की. तेवीस वर्षं झाली, दहावीलाच हाय. गणित शिकवतंय."

वर्षाराणीने सासऱ्यांकडे पाहिलं. ईश्वरप्पा पानाला चुना लावत होते. मान वर न करता म्हणाले, "तिनं खोटं काय सांगितलं? लेकरू तिचंच हाय न्हवं?"

लेकराचं नाव शेषेराव, वय बावन्न. साखराबाईंनी पाणी पिता पिता सगळं सांगितलं. वडील म्हणाले होते, नोकरी लागली की गाडी. नोकरी लागली तेव्हा वडीलच राहिले नाहीत. मग बहिणीचं लग्न, मग पोरांच्या फिया, आणि लेकरू तेवीस वर्षं एसटीच्या दांडीला लोंबकळून शाळेत जातंय. "मी म्हणलं, साधी गजराज घे बाबा, दमदार अस्ती. तं म्हणतंय, आई, ती म्हातारे घेत्यात."

फॉर्म वर्षाराणीने खोडला नाही. वयाचा रकानाच त्यात नव्हता, आणि जे विचारलं त्याचं उत्तर खरं होतं.

दुसऱ्या दिवशी शेषेराव गाडी न्यायला आले. कलप केलेल्या मिशा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. स्प्रिंटवर वाकले तेव्हा कंबरेत कळ आली ती साऱ्या शोरूमला दिसली. पण हँडल धरल्यावर त्यांचा चेहरा, अक्षराला पहिल्यांदा भोवरा दाखवला तेव्हा तिचा झाला होता, तस्सा झाला. वर्षाराणीने नजर वळवली. परक्या माणसाचं बालपण असं टक लावून पाहू नये.

मग काय, शाळेच्या आवारात स्प्रिंट उभी राहिली आणि स्टाफरूम पेटली. हेडमास्तर आले, सोबत आई. ग्रामसेवक आले, आई. एक कंपाउंडर आले. त्यांची आई अंथरुणावर, तिने फोनवरून सांगितलं, लेकरासाठी पाहिजे. सगळ्यांना गजराजच हवी होती आणि गजराज घेणारा म्हातारा कुणालाच व्हायचं नव्हतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी रकान्यात बाराचा आकडा पडला.

दसऱ्याच्या सकाळी अंबरीश सर कॅमेरावाला घेऊन हजर. लातूरचे तरुण रेणापूरपर्यंत जाणार आणि त्याची फिल्म कंपनीच्या मोठ्या साहेबांना जाणार, असा बेत होता. बारा स्प्रिंट ओळीने उभ्या, चाकाखाली लिंबं, हँडलला झेंडूच्या माळा. सरांनी तरुणांशी ओळख करून द्यायला सांगितलं. तरुणांनी हेल्मेटं काढली. सात टकलं आणि पाच कलप उन्हात चमकले.

सरांनी टॅबवरचा बाराचा आकडा पुन्हा पाहिला. मग वर्षाराणीला बाजूला घेऊन, आवाज दाबून म्हणाले, "वहिनी, ही फसवणूक आहे. मला नांदेडचं पत्र काढावं लागेल."

"फॉर्म तुमचाच आहे, सर. मुलासाठी म्हणलं की यूथमध्ये टाकायचं, हे तुमच्या टॅबनंच ठरवलंय."

ते काही म्हणणार एवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी पाठ फिरवली. "हो आई, खाल्लं. पोहे. नाही गं, मी नाही बसत गाडीवर, कारनेच आलोय. हो, स्वेटर आहे."

ऑक्टोबरच्या उन्हात त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. फोन ठेवून वळले तर वर्षाराणी समोरच, खांद्यावर अक्षरा.

"तुमचं वय काय, सर?"

"चौतीस," ते म्हणाले आणि पुढचं त्यांचं त्यांनाच कळलं. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. मग कॅमेरावाल्याला ओरडून सांगितलं, "सगळ्यांना हेल्मेट घालायला लाव. काचा खाली."

गाड्या निघाल्या तेव्हा साखराबाईंनी रस्त्याच्या कडेने हाक घातली, "शेषा, हळू जाय रं लेकरा. जेवायला ये." ती हाक फिल्ममध्ये तशीच राहिली. पुढे मराठी न येणाऱ्या मोठ्या साहेबांनी 'लेकरू' या शब्दाचा अर्थ विचारला, अंबरीश सरांनी खरा तोच सांगितला, आणि एजन्सी लातूरलाच राहिली. पुढच्या मॉडेलचं सीट लातूरच्या तरुणांसाठी आणखी झुकतं करणार असल्याचंही पत्र आलं. ते वाचून शेषेरावांनी कंबरेवर हात ठेवला.

पण हे नंतरचं. त्या सकाळी बारा स्प्रिंट ओळीने रस्त्याला लागल्या. किंचाळतील म्हणून वर्षाराणीने अक्षराच्या कानावर हात ठेवला. कुणीच पंचविसाच्या वर गेलं नाही. एवढ्या हळू चालवली की स्प्रिंटही जुन्या गजराजसारखीच बोलते, हे कंपनीला ठाऊक नसावं. धड, धड, धड. ईश्वरप्पांनी सुनेकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. खांद्यावर लेकरू निजलं होतं.