रोजचे चोवीस

मित्रांनो, एकाच खिळ्यावर तीस वर्षं लटकून माझी मान अवघडली असेल, असं तुम्हाला वाटेल. पण अवघडलंय ते माझं मन. मी प्रसूतिगृहाच्या भिंतीवरचा तापमापक. काचेची नळी, आत लाल द्रव आणि मागे शून्य ते पन्नास आकड्यांची लाकडी पट्टी.

मला घडवणाऱ्या कारागिराने आधी बर्फात बुडवलं, मग गरम पाण्यात. काय धावलो होतो मी तेव्हा! "चपळ आहे हं!" तो म्हणाला. त्या शाबासकीने मी फुगलो आणि आलो या समुद्रकाठच्या शहरात. इथे थंडी नाही, उन्हाळा नावाला. बारा महिने खिडक्या उघड्या. तेवीस, चोवीस, पंचवीस, एवढंच माझं अंगण. वरचे चाळीस आणि खालचे दहा मला रोज वाकुल्या दाखवायचे. मी आतल्या आत तळमळायचो.

मोठ्या सिस्टर सुरुवातीला दिवसातून तीनदा मला बघत. "आमचा थर्मामीटर म्हणजे गरीब गाय," असं कौतुकाने म्हणत. पुढे बघणं कमी झालं. मग तर त्या सोमवारीच नोंदवहीतले अख्ख्या आठवड्याचे रकाने भरून टाकू लागल्या. चोवीस, चोवीस, चोवीस. त्या आळशी नव्हत्या हो! एकटीने आठ बाळंतिणी सांभाळायच्या. आणि इथल्या हवेवर सगळ्यांचाच डोळे झाकून विश्वास.

एका गुरुवारी सकाळी वारा फिरला. समुद्राऐवजी डोंगरांकडून येऊ लागला, तोही बोचरा. मी बावीसवर उतरलो, मग एकोणीस, मग सोळा. खोटं कशाला बोलू, मला नाचावंसं वाटलं. पण माझ्या खालीच एक पाळणा होता. त्यात आदल्या दिवशी, आठव्या महिन्यातच जन्मलेली चिमुरडी. आधी ती रडली, मग कुरकुरली, मग गप्प झाली.

"किती शहाणी आहे गं तुझी लेक!" शेजारची बाळंतीण म्हणाली.

माझा आनंद तिथेच विरला. ओरडायला मला तोंड कुठे होतं?

तेवढ्यात मुलीचे बाबा आले. ते बर्फाच्या कारखान्यात कामाला. कुठेही गेले तरी आधी तापमापकाकडे बघायचे.

"सिस्टर, हा सोळा दाखवतोय."

"छे हो, म्हातारा झालाय तो. आपल्याकडे कधी सोळा असतं का? हे बघा, चोवीस लिहिलंय."

बाबांनी लेकीच्या पायांना हात लावला. "अहो, पाय गार पडलेत हिचे!"

सिस्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी मुलीला उचलून आईच्या उघड्या छातीशी धरलं, वर दोन चादरी घातल्या. खिडक्या लावायला धावल्या, तर कड्या गंजलेल्या. वर्षानुवर्षं कुणी लावल्याच नव्हत्या. बाबांनी फटींत उशा कोंबल्या. बऱ्याच वेळाने मुलगी रडली, चांगला टाहो फोडून. सिस्टरही भिंतीला टेकून रडल्या.

मुलगी वाचली. पण माझी तळमळ काही शमलेली नाही. मी सकाळपासून खरं सांगत होतो आणि नुसतं खरं सांगणं पुरलं नाही, हे मला अजून टोचतं.

म्हणून मित्रांनो, एकच विनवणी. तुमच्याही घरात विचारलं की रोज "बरं आहे" एवढंच म्हणणारं कुणी असेल. आज जरा जवळ जा आणि त्यांचा हात हातात घेऊन बघा.